हार्त्सच्या जंगलातले खाण-तलाव : तळं पाहू नका, पाण्याची वाट चाला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : जूनमध्ये मुलाकडे जर्मनीत येताय, हार्त्सच्या डोंगरात घालवायला दोन दिवस आहेत. तिथल्या जंगलात खाणींसाठी बांधलेले शंभरावर तलाव आहेत असं वाचलंय. त्यातले कुठले पाहावेत, पोहता येतं का, आणि खाणीचं पाणी म्हणजे विषारी तर नसेल ना? वय त्रेसष्ट, गुडघे 'चालवून घेतात'.

मी हार्त्समधल्या क्लाउस्टाल या खाणगावी खाण अभियांत्रिकी शिकायला आले ती इथलीच झाले. पाण्याच्या मोजमापाचं काम करते आणि सुटीच्या दिवशी पाहुण्यांना या तलावांवरून फिरवते. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी विषाचं, कारण तो धसका बहुतेकांच्या मनात असतो. खाणीचा तलाव म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो खोदून सोडून दिलेला खड्डा आणि त्यात साठलेलं हिरवं-तांबडं पाणी. हार्त्समधले तलाव तसे नाहीत. ते खाणीत नाहीत, खाणीच्या वर आहेत. म्हणजे आधी डोंगरमाथ्यावर पावसाचं आणि बर्फाचं पाणी अडवायचं, पाटानं खाणीपर्यंत न्यायचं, आणि तिथे त्याच्या पडण्याच्या जोरावर चाकं फिरवायची. तलावातलं पाणी खाण बघण्याआधीचं आहे. त्याचा रंग चहासारखा तपकिरी दिसेल, पण तो दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाचा. धातूचा दोष आहे तो खाली, खाणीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात, धातुक वाळूच्या जुन्या ढिगाऱ्यांत आणि इनरस्टे, ओकर या नद्यांच्या काठच्या गाळात. तिथे शिसं आणि कॅडमियम आजही सापडतं. तेव्हा नातवंडं बरोबर असतील तर तलावाकाठी खुशाल खेळू द्या, पण खाणीच्या ढिगाऱ्यावर माती चिवडू देऊ नका, आणि तिथली आळंबी तर नकोच. असे ढिगारे ओळखायची एक खूण सांगते : आजूबाजूला हिरवंगार असताना मधेच उघडाबोडका उतार दिसतो आणि त्यावर बारीक देठांचे गुलाबी गोंडे डोलत असतात. ही ग्रासनेल्के या रानफुलाची एक जात आहे. जिथे इतर झाडं धातूनं मरतात तिथे ती तग धरते. जुने खाणवाले अशा फुलांवरून खाली धातू असल्याचा अंदाज बांधत.

आता मुख्य गोष्ट. शंभरातले कुठले दोन-चार निवडायचे, हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो आणि मला तो उलटा वाटतो. एकेक तळं घेतलं तर हार्त्समध्ये फारसं नवल नाही. सूचिपर्णी झाडं, काळसर पाणी, एका बाजूला गवताळ पाळ, पाळीवर लाकडी खोपटं. दुसरं तळं पाहा, तेच. तिसऱ्यापर्यंत माणूस मोबाइल बघायला लागतो. एकदा एका कुटुंबानं माझ्याकडून यादी घेऊन एका दिवसात आठ तलाव 'केले', गाडीतून. संध्याकाळी त्यांना कुठलंच तळं आठवत नव्हतं, आठवत होते फक्त पार्किंगचे पैसे. ही तळी सुटी नाहीतच. सगळी मिळून एकच यंत्र आहे, डोंगरभर पसरलेलं. म्हणून कुठल्याही पाळीवर उभं राहिलात की दोनच प्रश्न विचारायचे : हे पाणी कुठून आलं, आणि इथून कुठे गेलं? त्याची उत्तरं चालत शोधायची. मग दोन तळ्यांतसुद्धा दोन दिवस पुरत नाहीत.

हे यंत्र का लागलं ते सांगते. वरच्या हार्त्समध्ये चांदी, शिसं, तांबं, जस्त यांच्या शिरा आहेत, जवळजवळ उभ्या खाली उतरणाऱ्या. वरवरचं धातुक संपलं की खोल जायचं आणि खोल गेलं की भूजल भरतं. ते उपसायला पंप हवेत, पंपाला जोर हवा, आणि वाफेच्या आधीच्या काळात जोर म्हणजे पाण्याचं चाक. इंजिनं आली तरी जवळपास दगडी कोळसा नव्हता, त्यामुळे चाकं पुढेही फिरत राहिली. पण अडचण अशी की खाणी डोंगराच्या डोक्यावर. क्लाउस्टाल साधारण साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवरच्या पठारावर वसलंय. तिथे मोठी नदी कुठून येणार? पाऊस मात्र भरपूर. मग पडेल तो थेंब अडवायचा, साठवायचा, पुरवून पुरवून वापरायचा. गंमत बघा, पाणी ही खाणीची आफत, आणि ती आफत बाहेर काढायची तीही पाण्याच्याच जोरावर.

या कामाची सुरुवात मध्ययुगात वाल्केनरीडच्या, सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या मठवाल्यांनी केली. खरा धडाका सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचा. या सगळ्याला ओबरहार्त्सर वासररेगाल म्हणतात. 'रेगाल' म्हणजे राजाचा हक्क, जो त्यानं खाणींना बहाल केला : डोंगरातल्या पाण्यावर पहिला हक्क खाणीचा, गिरणीवाला आणि बाकीचे नंतर. पाणीवाटपाची भांडणं तुम्हाला मी काय सांगावी. 1992 मध्ये शेजारचं गोसलार शहर आणि रामेल्सबेर्ग खाण जागतिक वारसा झाले, 2010 मध्ये ही पाणीव्यवस्था त्यात जोडली गेली. वारशात 107 जुने तलाव, 310 किलोमीटर पाट आणि 31 किलोमीटर भूमिगत जलमार्ग मोजले जातात. त्यातले 65 तलाव, सुमारे 70 किलोमीटर पाट आणि 20 किलोमीटर बोगदे हार्त्सवासरवेर्के ही पाणीपुरवठा कंपनी आजही चालू ठेवते. बाकीचे बहुतेक कोरडे, फुटलेले किंवा झाडीत बुजलेले. खाणी मात्र गेल्या. क्लाउस्टालमधली 1930 मध्ये थांबली, रामेल्सबेर्ग 1988 मध्ये, बाड ग्रुंडची शेवटची 1992 मध्ये.

तीन जर्मन शब्द लक्षात ठेवा, पाट्या वाचायला पुरतात : टाइख म्हणजे तळं, ग्राबेन म्हणजे पाट, श्ट्रीगेल म्हणजे मोरीचं बूच. पाळीवर ते लाकडी खोपटं दिसतं ना, त्याच्या आत हे श्ट्रीगेल चालवायची दांडी असते. तळ्याच्या तळाशी ओकाच्या खोडाची पोकळ नळी पाळीखालून बाहेर जाते. तिच्या तोंडावर लाकडी बूच. वरून दांडी उचलली की बूच उघडतं आणि पाणी पाटाला लागतं. खोपटाला कुलूप असतं, पण दाराला कान लावून पाहा. मोरी चालू असेल तर खालून घुमल्यासारखा आवाज येतो. ओकच का? कायम पाण्याखाली हवा लागत नाही, त्यामुळे तो शतकानुशतकं कुजत नाही. कोरडा पडला की मात्र संपला.

पाळीची गोष्ट याहून रंजक. काँक्रीट नाही, चुना नाही, मग पाणी झिरपू नये म्हणून काय केलं? गवत. कुरणातली गवताळ माती मुळांसकट विटांसारखी कापायची आणि ओली असतानाच एकावर एक दाबून रचायची. हाच पाळीचा पडदा. जुन्या बांधणीत हा थर पाण्याकडच्या अंगाला असे. तिथे लाटा, बर्फ, उन्हात उघडं पडणं, सगळे मार त्यालाच बसत. साधारण 1715 ते 1720 च्या सुमाराला कुणाच्या तरी लक्षात आलं की हा पडदा पाळीच्या पोटात, मधोमध घातला तर दोन्ही बाजूंची माती त्याला ओला आणि सुरक्षित ठेवते. मोरीचा खड्डाही मग मधे घेता आला. धरणाच्या मातीच्या भिंतीत मधोमध चिकणमातीचा गाभा घालतात हे तुम्हाला माहीत असेल, तर हा त्याचाच चुलत पणजोबा समजा. दुरुस्तीसाठी जुनी पाळ कापतात तेव्हा कधीकधी हे थर उघडे पडतात. मी एकदाच पाहिलं. ओल्या, काळपट कापात गवताची पाती आडवी चिकटलेली होती, नखानं सुटी करता येतील अशी. वासही आला, शेणाच्या गोवरीसारखा. मुकादमानं लगेच ताडपत्री ओढली, कारण हवा लागली की खेळ खलास.

तुमचा पहिला दिवस क्लाउस्टालचा ठेवा. रेल्वेनं गोसलार, तिथून बस. गावाच्या आग्नेयेला फाउएनटाइखं आहेत, खालचं, मधलं आणि वरचं, एकाच ओढ्यावर जिन्यासारखी. खालून वर चाला. प्रत्येक पाळीवर सांडवा शोधा, मोरीचं खोपटं शोधा, आणि पाळीच्या पायथ्याला पाणी बाहेर पडतं ती जागा शोधा. वरच्या तळ्याचं सुटलेलं पाणी खालच्यात, खालच्याचं खाणीकडे. खाणीतही एका चाकावरून पडलेलं पाणी खालच्या चाकावर, तिथून आणखी खाली. चाकं बारा-बारा मीटर व्यासाची, जमिनीखाली खडकात कोरलेल्या खोल्यांतली. काही चाकांना दोन विरुद्ध दिशांच्या बादल्या असत. पाणी इकडच्या रांगेत सोडलं की चाक सुलटं फिरे, तिकडच्या रांगेत सोडलं की उलटं. त्यावर दोरखंडांना टांगलेले धातुकाचे डबे वर-खाली. या दोरखंडांचा मोठा त्रास होता. तागाचे दोर झिजत, साखळ्या अचानक तुटत. इथल्याच खाण अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यांनी 1834 मध्ये तारा पिळून दोर केला आणि तो 'कारोलीने' नावाच्या खाणीत वापरला. आज बहुतेक लिफ्टमध्ये जो असतो, त्या तारदोराचा जन्म या तळ्यांच्या पाण्यावर चालणाऱ्या खाणीतला.

फाउएनटाइखांच्या वरच्या अंगाला मोठा हिर्शलर टाइख. इथे पाळीवर जरा बसा आणि पहिला प्रश्न विचारा : हे कुठून आलं? कारण आजूबाजूला याच्या वर फारसा डोंगरच नाही. मग हे भरतं कसं? उत्तर पूर्वेला, ब्रॉकेन या हार्त्सच्या सर्वांत उंच शिखराच्या दिशेनं. तिकडचे उंच उतार आणि दलदलीचे सडे भरपूर पाणी धरतात. ते क्लाउस्टालला आणायला डामग्राबेन नावाचा पाट 1732 पासून तुकड्या-तुकड्यांनी खोदत नेला, शेवटचा तुकडा 1827 चा. वाटेत खिंड आली, तर तिच्यावरून पाट न्यायला 1732 ते 1734 दरम्यान मातीचा बांध घातला, श्पेर्बरहायर डाम. सोळा मीटर उंच, जवळजवळ किलोमीटरभर लांब, आणि डोक्यावरून वाहता पाट. आल्टेनाउजवळ हा बांध रस्त्यावरूनच दिसतो, अर्थात सांगितलं तर. न सांगता माणसं त्याला डोंगर समजून पुढे जातात. तरीही पाट क्लाउस्टालच्या पठारापेक्षा थोडा खालीच पोचला. मग पोल्स्टरबेर्गला पंपघर बांधलं. तळाच्या दरीत पाण्याची चाकं, त्यांचा जोर लाकडी दांड्यांच्या साखळीनं डोंगरावर ओढत आणलेला, आणि त्या जोरावर पाटाचं पाणी आणखी अठरा मीटर वर उचललेलं. म्हणजे खालच्या पाण्यानं वरचं पाणी उचलायचं, त्या पाण्यानं खाणीतलं पाणी उपसायचं. आज त्या पंपघरात खानावळ आहे, जंगलाच्या मधोमध. तिथे सुटीचा वार आधी विचारून घ्या. इथल्या खानावळी आठवड्यात एक-दोन दिवस हमखास बंद असतात आणि जंगलात उपाशी माणसाला वारसा दिसत नाही.

हिर्शलर टाइखपासून पाय पुरत असतील तर हुटटाल दरीतली 'विडरवागे' नावाची जागा गाठा. नकाशावर ते एक साधं पाण्याचं टोक दिसतं. तिथला पाट जवळजवळ सपाट आहे, उतारच नाही. त्यामुळे ज्या बाजूची पातळी जास्त, तिकडून दुसरीकडे पाणी जातं. एका बाजूला तुटवडा असला की इकडून तिकडे, दुसऱ्या बाजूला असला की तिकडून इकडे. डोंगरात, हातातल्या पाणसळीनं, अशी जागा नेमकी साधणं म्हणजे काय काम आहे ते मोजणी केलेल्या माणसालाच कळेल. मला या सगळ्या वारशातली ही सर्वांत आवडती जागा. तिथे बघायला मात्र काहीच नाही, हेही सांगून ठेवते.

वाऱ्यावर हे काम करता येईल, पाणी पुन्हा वर चढवता येईल, असं लाइबनित्स या तत्त्वज्ञ-गणितज्ञालाही वाटलं होतं. 1680 च्या दशकात तो इथे पवनचक्क्यांचे प्रयोग करत राहिला. वारा लहरी, खाणवाले नाराज, प्रयोग फसला. इथले जुने लोक अजून ते जरा समाधानानं सांगतात.

दुसरा दिवस ओडरटाइख हे तळं आणि सांक्ट आंड्रेआसबेर्ग हे खाणगाव यांच्यासाठी. आधी नावाचा घोळ मिटवते. ओडरटाइख वेगळा आणि ओडरटालश्पेरे वेगळं. दुसरं म्हणजे खाली बाड लाउटरबेर्गजवळचं 1930 च्या दशकातलं आधुनिक धरण. माझे एक पाहुणे तिथे जाऊन तासभर माझी वाट पाहत बसले होते, आणि मी इकडे वर. शिवाय पोलंडच्या सीमेवरची ओडर नदी तिसरीच. गाडीच्या यंत्रात नाव नीट टाका.

ओडरटाइख 1715 ते 1722 दरम्यान आंड्रेआसबेर्गच्या खाणवाल्यांनी बांधला. पाणी सतरा लाख घनमीटरच्या आसपास. आजच्या हिशेबात लहान, पण 1891 पर्यंत जर्मनीत याहून मोठं धरण नव्हतं. इथे गवत नाही, ग्रॅनाइट आहे. तासलेले प्रचंड दगड बाहेरून, आत झिजलेल्या ग्रॅनाइटची भुकटी-माती ठोकून भरलेली. पाळीच्या खालच्या बाजूला उतरून भिंतीकडे वर बघा. आणि सांडव्याच्या दगडांवर हात फिरवा. तीनशे वर्षांचं पाणी त्यावरून गेलंय. तळ्याला वळसा घालणारी वाट सोपी आहे, वरच्या टोकाला दलदलीवरून लाकडी फळ्या टाकल्यात. ओल्या असल्या तर त्या साबणासारख्या असतात, काठी हवी.

मग पाळीपासून रेबेर्गर ग्राबेन धरा. हा पाट ओडरटाइखचं पाणी सुमारे सात किलोमीटर डोंगराच्या कडेनं आंड्रेआसबेर्गला नेतो. तुमच्या गुडघ्यांसाठी हीच वाट. पाटाला किलोमीटरमागे जेमतेम काही मीटरचा उतार, आणि तुम्ही त्याच्या काठानं चालता, म्हणजे तुम्हालाही तेवढाच. एका बाजूला खोल दरी, दुसऱ्या बाजूला खडक, मधे पाट आणि पायवाट. सुरुवातीला एक वाळलेलं पान पाण्यात सोडा आणि त्याच्याबरोबर चाला. सरळ भागात ते तुमच्या चालीनं येतं, वळणावर कडेला अडतं, पुन्हा निघतं. थोड्या वेळानं एक भास होतो : समोरची दरी उतरत असते, पण पाट आडवाच राहतो, त्यामुळे पाणी चढावर चाललंय असं वाटतं. मी शेकडो वेळा चाललेय, अजून होतं मला. वाटेत पाटाच्या कडेला छोटे झडपांचे दरवाजे दिसतील. पाऊस जास्त झाला की जादा पाणी तिथून दरीत सोडून द्यायचं, नाहीतर पाट फुटतो. हे करायला पाटकरी असे, त्याचं घर पाटावरच. रेबेर्गचं ते पाटकऱ्याचं घर आता उपाहारगृह आहे. पाटकऱ्याची खरी परीक्षा हिवाळ्यात. बर्फानं पाट बुजू नये म्हणून त्यावर लाकडं आणि सूचिपर्णी फांद्या घालून झाकत. मी पहिल्याच हिवाळ्यात अशा झाकलेल्या जागी, वाट समजून, पाय दिला आणि गुडघाभर वाहत्या पाण्यात उभी राहिले. तेव्हापासून मला पाट कुठून जातो हे विसरायला होत नाही.

आंड्रेआसबेर्गला पोचल्यावर 'हे कुठे गेलं' याचं उत्तर सामसन खाणीत मिळतं. खाण 1521 ते 1910 चालली, खोली आठशे मीटरवर. आत पाण्याची दोन मोठी चाकं उभी आहेत, आणि एक फारकुन्स्ट : वर-खाली हलणाऱ्या जोड-दांड्या, त्यांवर पायऱ्या. माणूस एका दांडीवरून दुसरीवर पाय टाकत टाकत वर येतो. त्याआधी शिडी होती. दिवसभर खणून, तास-दोन तास शिडी चढून घरी. फारकुन्स्टची कल्पना 1833 मध्ये क्लाउस्टालच्या बाजूला प्रथम अमलात आली, सामसनमध्ये 1837 मध्ये. आज इथे तारदोरावर बसवलेली ही यंत्रणा वापरात आहे, कारण खाणीच्या पोटात जलविद्युत केंद्र आहे आणि तिथे माणसांना जावं लागतं. त्या केंद्राला पाणी कुठलं? तुम्ही जे पान सोडलंत, त्याच पाटाचं. सामसनमध्ये कॅनरी पक्ष्यांचंही एक दालन आहे. खाणकामगारांची घरोघरी जोडधंद्याची पैदास होती, इथले गाणारे पक्षी दूरवर विकले जात. मुलांना ते खाणीपेक्षा जास्त आवडतं.

वाटेत फरच्या झाडाच्या आकाराचे लाकडी फलक दिसतील, त्यांवर खाणीचं किंवा तळ्याचं नाव आणि सालं. हे डेनर्ट-टाने. हेर्बर्ट डेनर्ट या खाण अधिकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला सुरू केलेली पद्धत. असा फलक दिसला की तिथे थांबाच, समोर काही नसलं तरी. बहुतेक वेळा तुम्ही खाणीच्या तोंडावर उभे असता.

आता जंगल. जुनी छायाचित्रं पाहून आलात तर धक्का बसेल. खाणींनी मूळचा बीचचा रानवा कोळशासाठी आणि आधाराच्या लाकडांसाठी खाल्ला, मग झटपट वाढणारे स्प्रूस एकसारखे लावले. 2018 पासूनच्या कोरड्या वर्षांत साल पोखरणाऱ्या भुंग्यानं ते उभेच्या उभे वाळवले. डोंगरच्या डोंगर करडे. आता खाली नवी बर्च आणि रोवन उगवतायत, आणि पाटांच्या ओळी पूर्वी झाडीत लपायच्या त्या दूरवरून दिसतात. मला हे बघायला सवय व्हायला वेळ लागला. तुमच्यासाठी व्यवहाराचा मुद्दा इतकाच : जोराचा वारा असेल त्या दिवशी वाळलेल्या झाडांखालून चालू नका, आणि वाट बंद असल्याची पाटी ओलांडू नका. ओडरटाइख राष्ट्रीय उद्यानात येतो, तिथे वाट सोडणं, तंबू, ड्रोन, विस्तव काहीच चालत नाही. 2022 मध्ये ब्रॉकेनच्या परिसरात मोठे वणवे लागले, त्यामुळे सिगारेटवरही लोक डोळे वटारतात.

पोहण्याचं. बुंटेनबॉक गावाजवळच्या आणि इतर काही तलावांत लोक उन्हाळ्यात पोहतात. काहींत पोहणं बंद आहे, कारण त्यांचं पाणी गावांना प्यायला जातं. त्यामुळे दर तळ्यावरची पाटी पाहायची. परवानगी असली तरी मोरीच्या खोपट्याजवळ आणि सांडव्याजवळ जायचं नाही. मोरी अचानक उघडली की तळाशी ओढ लागते, ती वरून दिसत नाही. जूनमध्येही पाणी हाडापर्यंत गार असतं, तेव्हा हळूहळू उतरा. थंडीत पुन्हा येणार असाल तर बर्फाच्या थरावर पाऊल टाकू नका. खालून पाणी सोडलं गेलं की वरचा थर पोकळ उरतो, एरवीच्या तळ्यापेक्षा हे दगाबाज असतं.

जून चांगला महिना आहे. आंड्रेआसबेर्गच्या कुरणांत फुलं असतात आणि संध्याकाळी साडेनऊपर्यंत उजेड. पण 'उन्हाळा' या शब्दावर भरवसा ठेवून येऊ नका. पाऊस आणि दहा-बारा अंश एकाच दुपारी भेटतात, पावसाळी जाकीट लागतंच. गवतातून चालल्यावर घरी पाय तपासा, गोचिडी असतात. मोबाइलला दऱ्यांत रेंज जाते, नकाशा आधी उतरवून ठेवा. मुक्कामाच्या ठिकाणी पाहुणेकर भरला की कार्ड मिळतं, त्यावर बस फुकट आहे का ते तिथेच विचारा. रेबेर्गर ग्राबेनचा फेरा बसमुळे सोपा होतो : सकाळी बसनं ओडरटाइख, चालत आंड्रेआसबेर्ग, परत बस. शनिवार-रविवारी बसगाड्या कमी, शेवटच्या बसची वेळ निघण्याआधी कागदावर लिहून घ्या.

आणि गुडघ्यांसाठी : पहिल्या दिवशी फाउएनटाइख ते हिर्शलर टाइख एवढंच केलंत तरी खूप आहे, विडरवागे मुलाला पाठवून फोटो मागवा. रेबेर्गर ग्राबेनवर पाटकऱ्याच्या घरी अर्धा तास बसायचंच. पाटाकडे तोंड करून बसा, सोडलेलं पान तोवर पोचलेलं असतं.